स्वस्त माईक केबल : पिन उघडून पाहिल्यावर

पुण्यात लाउडस्पीकरच्या व्यवस्थेचे किरकोळ सामान घ्यायचे म्हटले की बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि तिच्या आजूबाजूची दुकाने हाच बहुतेकांचा पहिला मुक्काम असतो. मुंबईकर त्याच कामासाठी ग्रँट रोड स्टेशनवर उतरून लॅमिंग्टन रोड गाठतात. दोन्हीकडे माईकच्या केबलचे भाव विचारले तर नवखा माणूस गोंधळून जातो. बाजारात जिला सरसकट कॅनन म्हणतात ती तीन खिळ्यांची एक्सएलआर पिन दोन्ही टोकांना असलेल्या, दहा मीटरच्या, दिसायला सारख्याच दोन केबल शेजारी शेजारी टांगलेल्या असतात आणि एकीचा भाव दुसरीच्या जवळपास तिप्पट असतो. हा फरक कशाचा आहे, तो देण्यासारखा आहे का, आणि काउंटरपाशी उभ्या उभ्या तो कसा ओळखावा, हे पाहण्यासाठी आमच्या भजनी मंडळाकरिता मी तीन निरनिराळ्या प्रकारच्या केबल घेतल्या. गणेशोत्सवापासून कार्तिकातल्या काकड्यापर्यंत त्या वापरल्या, मग उघडून पाहिल्या. त्यांचे हे परीक्षण आहे.

पहिली केबल तयार मिळणारी, तीनशे रुपयांच्या आतली, जिची पिन केबलसकट साच्यात ओतलेली असते आणि कधीच उघडत नाही. दुसरी केबलही तयारच, पण छापील खोक्यातली, धातूच्या पिनांची, साडेसहाशेच्या आसपासची. तिसरी दुकानात बसून बनवून घेतलेली, म्हणजे रिळावरून मीटरने वायर कापून, पिना वेगळ्या निवडून, समोर सोल्डर करून घेतलेली. ती मजुरीसह साडेआठशेपर्यंत गेली. उत्पादक आणि दुकानदार यांची नावे येथे देत नाही, कारण एकेका नगावरून कोणाच्या सगळ्या मालाविषयी निवाडा करणे योग्य होणार नाही. पारखण्याच्या खुणा मात्र कोणत्याही नावाच्या केबलला लागू पडतात.

आवाजाच्या गोडव्याचा प्रश्न सुरुवातीलाच बाजूला ठेवतो. साधा डायनॅमिक माईक (ज्याला बाहेरून वीज पुरवावी लागत नाही), दहा-पंधरा मीटरचे अंतर आणि मिक्सरचा बॅलन्स्ड इनपुट (दोन तारांवरच्या संकेतांतला फरक घेणारा) एवढी मांडणी असेल, तर नीट जोडलेल्या दोन धडधाकट केबलींमध्ये कानाला कळेल असा फरक पडत नाही. माझ्या तिन्ही केबल नव्या असताना एकाच माईकवर, एकाच गायकाच्या आवाजात सारख्याच वाजल्या. त्यामुळे दुकानात कोणी स्वस्त केबलवर आवाज ‘पातळ’ येतो असे सांगू लागला, तर तिकडे फार लक्ष देण्याचे कारण नाही. खरे प्रश्न दोनच आहेत. केबल शंभर वेळा ओढली, गुंडाळली, पायाखाली आली तरी तिचे जोड टिकतील का, आणि मंडपातल्या विजेच्या वायरींशेजारून जाताना ती घरघर उचलेल का? या दोन्हींची उत्तरे पिनच्या आत आणि वेष्टनाच्या खाली दडलेली असतात, म्हणूनच उघडून पाहता येणे ही स्वस्त केबलची सर्वांत मोठी पात्रता आहे असे माझे मत झाले आहे.

पहिली केबल हातात घेतल्याबरोबर हलकी लागते. हलकेपणा हा दोष नव्हे, पण खूण नक्की आहे. तांब्याची घनता पाण्याच्या जवळजवळ नऊ पट असते आणि अ‍ॅल्युमिनियमची तिच्या एक तृतीयांशाहूनही कमी. त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ थर चढवून केलेली केबल तराजूशिवाय नुसत्या हातालाही ओळखू येते. साचा कटरने चिरून मी आतली एक तार बाहेर काढली आणि ब्लेडच्या धारेने हलकेच खरवडली. वरचा तांबूस रंग पुसला गेला आणि खाली रुपेरी पांढरा धातू दिसला. येथे एक खबरदारी सांगितली पाहिजे. शुद्ध तांब्याच्या तारेलाही गंज लागू नये म्हणून कथिलाचा थर देतात आणि ती बाहेरून पांढरी दिसते, पण ती खरवडली की आतून तांबडी निघते. अ‍ॅल्युमिनियमची तार याच्या नेमकी उलट वागते. वीज वाहून नेण्याची अ‍ॅल्युमिनियमची क्षमता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असते. माईकच्या क्षीण प्रवाहाला तेवढ्याने काही अडत नाही. अडचण होते ती पुन्हा पुन्हा वाकवण्याची, कारण अ‍ॅल्युमिनियमची बारीक तार तांब्याच्या मानाने लवकर थकते आणि तुटते, आणि तिचे टोक उघडे पडले की त्यावर सोल्डर धरणेही अवघड जाते.

याहून वाईट गोष्ट कवचाची होती. माईकच्या केबलमध्ये पिळलेल्या दोन तारा असतात आणि त्यांच्याभोवती तारांचे संरक्षक कवच असते. माईकचा संकेत दोन तारांवरून एकमेकांच्या उलट दिशेने जातो, बाहेरून आलेली घरघर मात्र दोन्हींवर सारखीच बसते. मिक्सर दोन्हींतला फरक तेवढा घेतो आणि सारखी असलेली घरघर आपोआप वजा होते. ही सोय चालावी म्हणून दोन्ही तारा सारख्या आणि एकमेकींना नीट पिळलेल्या असाव्या लागतात, आणि बाहेरच्या विद्युतक्षेत्राला अडवणारे कवच अखंड असावे लागते. पहिल्या केबलमध्ये कवच म्हणून मोजक्या तारा एका बाजूने सैल गुंडाळल्या होत्या. केबल सरळ असताना त्या कशाबशा आतल्या तारा झाकत होत्या. बोटाभोवती वळवताच त्यांच्यात फट पडून आतल्या तारांचा लाल आणि पांढरा रंग दिसू लागला. मंडपात हीच केबल रोषणाईच्या माळांच्या वायरीला समांतर टाकली तेव्हा घरघर ऐकू आली, आणि ती हातभर दूर नेऊन वायरीला काटकोनात ओलांडली तेव्हा कमी झाली. काटकोनात ओलांडण्याचा नियम चांगल्या केबललाही पाळावा, पण जिचे कवच विरळ आहे तिला तो पाळल्यावाचून गत्यंतरच नाही.

कवचाचे तीन प्रकार बाजारात भेटतात. विणलेली जाळी सर्वांत टिकाऊ. घट्ट विणीत ती नव्वद टक्क्यांच्या वर पृष्ठभाग झाकते आणि वळवली तरी फाकत नाही, पण ती महाग पडते आणि सोल्डर करताना उसवायला वेळ लागतो. एका दिशेने गुंडाळलेले तारांचे कवच दाट असेल तर लवचिक आणि पुरेसे चांगले असते. चमकत्या वर्खाचे कवच पूर्ण झाकते, पण सतत वाकवल्याने त्याला चिरा जातात, म्हणून ते भिंतीतून किंवा पाईपमधून कायम बसवायच्या वायरिंगसाठी योग्य आहे, रोज गुंडाळायच्या माईक केबलसाठी नाही. रिळावरची वायर घेताना दुकानदाराला टोकाचे दोन बोटे वेष्टन सोलून दाखवायला सांगावे. मीटरने विकणारा दुकानदार याला सहसा नाही म्हणत नाही, आणि नाही म्हणाला तर दुसरे दुकान शेजारीच असते.

दुसऱ्या केबलच्या खोक्यावर सोन्याचा मुलामा आणि ऑक्सिजनविरहित तांबे या दोन गोष्टी ठळक छापल्या होत्या. सोने गंजत नाही हे खरे आणि दमट हवेत त्याचा उपयोगही आहे, परंतु स्वस्त पिनेवरचा मुलामा इतका पातळ असतो की वारंवार काढघाल केल्यावर खालचा धातू डोकावू लागतो. रोज लावायच्या-काढायच्या माईकला निकेल किंवा चांदीच्या मुलाम्याची चांगली पिन पुरेशी आहे. ऑक्सिजनविरहित तांब्याचेही तसेच आहे. नेहमीचे विजेचे तांबे ९९.९ टक्के शुद्ध असते आणि त्याच्या व या विशेष तांब्याच्या वाहकतेत जेमतेम एक टक्क्याच्या आसपास फरक असतो. खोक्यावरच्या या शब्दांसाठी शंभर रुपये जास्त देण्यापेक्षा तेच शंभर रुपये पिनेच्या पकडीवर घालवावेत.

ही पकड म्हणजे स्वस्त केबलीतला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. गायक माईक घेऊन चार पावले पुढे गेला की ओढ केबलवर येते. ती ओढ बाहेरच्या वेष्टनाने सोसावी आणि सोल्डरच्या तीन जोडांपर्यंत पोहोचू नये, एवढेच पकडीचे काम. चांगल्या पिनेत यासाठी दातेरी चिमटा असतो. मागची टोपी फिरवून घट्ट केली की तो वेष्टनाला चारी बाजूंनी आवळतो, आणि टोपीच्या टोकाची रबरी शेपटी केबलला एकदम वाकू देत नाही. दुसऱ्या केबलची पिन बाहेरून वजनदार आणि देखणी होती. टोपी उघडली तेव्हा दिसले की वेष्टन चिमट्यापर्यंत पोहोचण्याआधीच सोलून टाकलेले आहे आणि चिमटा आतल्या दोन बारीक तारांना व पिळलेल्या कवचाला धरून बसला आहे. म्हणजे ओढ थेट जोडांवर. व्हायचे तेच झाले. काही कार्यक्रमांनंतर कवचाची तार पहिल्या खिळ्यावरून निघाली आणि भजन ऐन रंगात आले असताना स्पीकरमधून हम, म्हणजे सलग घरघर, येऊ लागला. दुरुस्ती सोपी होती, कारण पिन उघडत होती. वेष्टन पुढे सरकवले, तारा आखूड केल्या, तिन्ही जोड पुन्हा केले, आणि तेव्हापासून ती केबल बिनतक्रार चालली आहे. पहिली केबल याच टप्प्यावर टाकून द्यावी लागली असती, किंवा तिची पिन कापून नवी लावावी लागली असती, आणि नवी पिन धरली की तिचा स्वस्तपणा संपतो.

याच केबलीतली आणखी एक लक्षात ठेवण्यासारखी बाब म्हणजे जाडी. बाहेरून ती सहा मिलिमीटर भरते आणि जाड केबल म्हणजे मजबूत केबल असे कोणालाही वाटेल. आत पाहिले तर बहुतेक जाडी प्लॅस्टिकची होती आणि तारा पहिल्या केबलपेक्षा फार जाड नव्हत्या. ०.२२ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार दहा मीटरला सुमारे ०.८ ओम रोध दाखवते. या केबलीत एकेका तारेचा रोध दीड ओमच्या पुढे गेला आणि पहिलीत तो अडीच ओमच्या वर होता. मल्टिमीटरच्या, म्हणजे रोध मोजण्याच्या हातातल्या यंत्राच्या, स्वतःच्या वायरींचा रोध आधी मोजून त्यातून वजा करावा लागतो, नाहीतर एवढ्या लहान आकड्यांत फसगत होते. माईकसाठी हा रोध ऐकू येण्याजोगा नाही हे पुन्हा सांगतो. पण धातूत किती काटकसर केली आहे त्याचा तो सरळ पुरावा आहे.

तिसरी केबल बनवताना कारागिराने परवानगी विचारण्याआधीच टोक सोलून जाळी दाखवली. ती घट्ट विणलेली होती आणि तार खरवडल्यावर आतपर्यंत तांबडी निघाली. सोल्डर पाहण्याचीही एक रीत आहे. चांगला जोड गुळगुळीत असतो, त्याची कड खिळ्याच्या कपात उतरत गेलेली असते आणि तारेचा आकार त्यातून ओळखू येतो; गोळा होऊन वर बसलेला जोड कच्चा असतो आणि तो पहिल्या झटक्याला सुटतो. शिसे नसलेल्या सोल्डरचा जोड चांगला असूनही जरा मळकट दिसतो, म्हणून नुसत्या चकाकीवर निकाल देऊ नये. तारांचा प्लॅस्टिकचा पापुद्रा उष्णतेने किती मागे आक्रसला आहे तेही पाहावे, कारण तो फार मागे गेला असेल तर शेजारच्या दोन तारा पुढेमागे एकमेकींना टेकतात. आमच्या कारागिराने कवचाच्या तारेवर बारीक नळी चढवली, मग ती पहिल्या खिळ्याला जोडली, गरम तार (सुलट संकेताची) दुसऱ्या आणि थंड तार (उलट संकेताची) तिसऱ्या खिळ्याला. “ओढून बघा, दादा,” असे म्हणून त्याने केबल माझ्या हातात दिली आणि पिन स्वतः धरून ठेवली. वेष्टन चिमट्यातून तसूभरही सरकले नाही.

दुकानातून निघण्यापूर्वी केबल मल्टिमीटरच्या बीपवर, म्हणजे दोन टोके आतून जोडलेली असली की वाजणाऱ्या सोयीवर, तपासून घ्यावी. एका टोकाचा पहिला खिळा दुसऱ्या टोकाच्या पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी आणि तिसरा तिसऱ्याशी वाजला पाहिजे, आणि वेगवेगळ्या क्रमांकाचे कोणतेही दोन खिळे आपसात वाजता कामा नयेत. पहिला आणि तिसरा आपसात वाजत असतील तर बहुधा आत एकच तार घातलेली आहे आणि तिसरा खिळा कवचाला जोडून वेळ मारून नेलेली आहे. अशा केबलवर डायनॅमिक माईकचा आवाज येतो, म्हणून दोष लगेच कळत नाही. पण घरघर वजा करण्याची सोय संपलेली असते आणि ४८ व्होल्टच्या फँटम पुरवठ्यावर, म्हणजे मिक्सरकडून याच केबलमधून येणाऱ्या विजेवर, चालणारा कंडेन्सर माईक तिच्यावर नीट चालत नाही. बीप चालू असतानाच दोन्ही टोकांशी केबल चहूकडे हलवून पाहावी. आवाज क्षणभरही तुटला तर ती केबल परत ठेवावी, कारण काउंटरवर तुटणारा संपर्क मंचावर टिकणार नाही.

पिना वेगळ्या घेण्याचा फायदा असा की पैसा हवा तेथे घालता येतो. लिक्टेनस्टाइनमधल्या न्यूट्रिक कंपनीच्या पिना या कामात प्रमाण मानल्या जातात, आणि त्याच घराण्यातल्या रीन या नावाच्या पिना कमी किमतीत मिळतात. मात्र मोठ्या नावाची नक्कलही बाजारात फिरते, म्हणून पिन पूर्ण उघडून, चिमट्याचे दाते स्वच्छ आहेत का, टोपीचे आटे अडखळत नाहीत ना आणि खिळे सरळ रेषेत आहेत का हे पाहिल्याशिवाय नावाचे पैसे मोजू नयेत. मी घेतलेल्या पिना नामांकित नव्हत्या. चिमटा चांगला होता म्हणून घेतल्या.

पी-३८ म्हणजे पावइंची जॅक आणि ईपी म्हणजे साडेतीन मिलिमीटरची पिन यांना हेच सारे निकष लागू आहेत, फक्त गिटारसारख्या वाद्याच्या उच्च रोधाच्या पिकअपला (तारांची कंपने टिपणाऱ्या भागाला) एक वेगळी बाब जोडली जाते. तेथे केबलची धारिता (तारांमध्ये विद्युतभार साठवण्याची क्षमता) आवाजावर खरोखर परिणाम करते. मीटरमागे १०० पिकोफॅरडच्या आसपास धारिता असलेली केबल जितकी लांब कराल तितका वरच्या पट्टीतला उजळपणा कमी होतो, म्हणून अशा वाद्यासाठी गरजेपेक्षा लांब केबल घेऊ नये. ओढताना खरखर ऐकू येते का तेही पाहावे. चांगल्या वाद्य-केबलमध्ये ती दाबण्यासाठी कवचाखाली विद्युतवाहक प्लॅस्टिकचा एक काळा थर असतो, आणि सोल्डर करताना तो मागे सोलला नाही तर संकेत गळतो.

स्पीकरच्या वायरीत मात्र धातूची काटकसर थेट ऐकू येते. तेथे वायर २३/३६ किंवा ४०/३६ अशा आकड्यांनी मागतात, म्हणजे ३६ गेजच्या २३ किंवा ४० तारा. ४०/३६ मध्ये सुमारे १.१७ चौरस मिलिमीटर धातू असतो, २३/३६ मध्ये ०.६७. दहा मीटर अंतरावर ०.७५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर येऊन-जाऊन साधारण ०.४६ ओम रोध घालते; आठ ओमच्या स्पीकरला त्याने अर्ध्या डेसिबलचा तोटा होतो आणि चार ओमच्या स्पीकरला जवळजवळ एक डेसिबलचा. तीच वायर तांब्याऐवजी मुलाम्याच्या अ‍ॅल्युमिनियमची असेल तर तोटा सुमारे दीडपट होतो. म्हणून येथे टोक सोलून तारा प्रत्यक्ष मोजाव्यात. चाळीस सांगून बत्तीस दिल्या असतील तर ते मोजल्याशिवाय कळत नाही, आणि मोजायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

तिन्हींपैकी मी पुन्हा घेईन ती तिसरी केबल, आणि मंडळासाठी पुढचा सगळा संच तसाच बनवून घेण्याचे ठरले आहे. तिच्यातही उणीव आहे. वेष्टन थोडे कडक आहे, थंडीत पहाटे काकड्याच्या वेळी ते सरळ पसरत नाही आणि गुंडाळताना केबल स्वतःचे वळण घेते. मऊ वेष्टनाची वायर त्याच दुकानात मीटरमागे थोड्या जास्त भावाने होती आणि रोज मंच बदलणाऱ्याने तीच घ्यावी. दुसरी केबल, पकड एकदा सुधारून घेतली तर, एका जागी लावून ठेवायला पुरेशी आहे. पहिली केबल घरातल्या छोट्या स्पीकरवर कराओके करणाऱ्यालाही मी सुचवणार नाही, कारण ती बिघडल्यावर करण्यासारखे काहीच उरत नाही. कोकण किनाऱ्यावर वापरणाऱ्यांनी कथिलाचा थर असलेल्या तारेची वायर मागावी. खाऱ्या हवेत उघड्या तांब्याची जाळी टोकाकडून काळी पडत आत जाते आणि मग पिन बदलताना स्वच्छ तांबे मिळेपर्यंत केबल हातभर कापावी लागते. बनवून घेताना प्रत्येक केबल अर्धा मीटर जास्त लांब घ्यावी, म्हणजे पिना दोन-तीनदा बदलल्या तरी ती मिक्सरपर्यंत पुरते.